वळचणीचं पाणी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका नव्या टॉवरमध्ये, लिफ्टशेजारच्या फलकावर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक नोटीस लागली. मजकूर चार ओळींचा. खिडक्यांवर बाहेरून पत्र्याची, पॉलिकार्बोनेटची किंवा ताडपत्रीची छपरी बसवण्यास सक्त मनाई आहे. त्यामुळे इमारतीचं एलेव्हेशन बिघडतं. ज्यांनी बसवली असेल त्यांनी आठ दिवसांत काढावी, अन्यथा दंड आकारण्यात येईल. खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का. आणि शिक्क्याच्या शेजारी, उरलेल्या जागेत, कुणीतरी बॉलपेनने तिरकं लिहून ठेवलं होतं: ‘आणि पाणी आत येतं त्याचं काय?’

नोटिशी येतात नि जातात. हे बॉलपेनचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही.

इमारत बाहेरून पाहिली तर सेक्रेटरींचा राग समजतो. बावीस मजले, मोतिया करडा रंग, काचेचे उभे पट्टे, कुठे एक इंच बाहेर आलेलं नाही. साबणाची वडी उभी करून ठेवावी तशी. आणि तिच्या पश्चिम अंगाला, सातव्या, अकराव्या, चौदाव्या मजल्यावर हिरवट पत्र्यांची ठिगळं. ब्रोशरमधल्या चित्रात ती नव्हती. पण नीट पाहिलं तर ही ठिगळं म्हणजे दुसरं काही नाही, नकाशातून काढून टाकलेला, खिडकीवर भिंतीतून बाहेर येणारा छज्जा आहे. बिल्डरने जो एका झटक्यात वगळला, तो आता एकेक कुटुंब आपापल्या खर्चाने, फॅब्रिकेटरला दोरीवर लोंबकळायला लावून, परत बसवतंय. एलेव्हेशन हा शब्दही मजेशीर आहे. नकाशाच्या भाषेत त्याचा अर्थ इमारतीच्या दर्शनी बाजूचं मोजमापाचं रेखाटन, एवढाच. आपल्याकडे तो दागिन्यासारखा वापरतात. ‘एलेव्हेशनचं काम बाकी आहे’ असं कंत्राटदार म्हणतो तेव्हा आतलं घर बांधून झालेलं असतं आणि वरून चढवायच्या पट्ट्या, खांब, काचा तेवढ्या राहिलेल्या असतात.

आपल्या भाषेला छपराच्या कडेची भारी जाण आहे. कडेवरून गळणारी ती पागोळी, कडेखालची कोरडी पट्टी ती वळचण, आणि उतार आणखी पुढे ओढून खाली जागा केली की ती पडवी. वाऱ्याने तिरपा आत येणारा पाऊस म्हणजे झड, आणि झडीच्या बाजूला नारळाच्या झापांचा आडोसा. इतके शब्द असण्याचं कारण साधं आहे: पाणी भिंतीला लागू द्यायचं नाही, हा घर बांधण्याचा पहिला नियम होता. मातीची भिंत भिजली की बसलीच. काँक्रीट आलं, छप्पर सपाट झालं, पागोळी गेली. तिची जागा खिडकीवरच्या दीड-दोन फुटी छज्ज्याने घेतली. म्हणून छज्जा हा वळचणीचा काँक्रीटमधला वारस, असं म्हणायला हरकत नसावी.

छज्जा पाऊस अडवतो हा मात्र अर्धाच समज. पावसाचा मोठा थेंब साधारण सेकंदाला ८ मीटर वेगाने खाली येतो. वाराही तेवढाच आडवा असेल तर पाऊस ४५ अंशांत तिरपा होतो आणि ६०० मिलिमीटरचा छज्जा आपल्याखालची तेवढीच, ६०० मिलिमीटर उंची कोरडी ठेवतो. म्हणजे चार फुटी खिडकीची वरची अर्धी. वारा ताशी ८० किलोमीटरवर गेला की हा आकडा जेमतेम २२० मिलिमीटरवर येतो. मग छज्जा करतो काय? वरच्या भिंतीवरून जो पाण्याचा पातळ पडदा ओघळत येतो, तो तोडतो. बावीस मजल्यांच्या सपाट भिंतीवर प्रत्येक मजला आपलं पाणी खालच्याला देतो, आणि काच तर थेंबही पीत नाही, सगळं खाली सोडते. वरच्यांचा असा हिशेब सांभाळत येणारं पाणी पाचव्या मजल्याच्या खिडकीवर येतं तेव्हा तो पाऊस नसतो, ओढा असतो. मजल्यामजल्यावर छज्जा असला तर तो ओढा दर दहा फुटांवर तुटतो.

तोही नीट केलेला असेल तर. पाणी छज्ज्याच्या कडेवर आलं की सरळ पडत नाही. कडेवरून वळतं, छज्ज्याच्या पोटाला चिकटतं आणि मागे सरकत सरकत पुन्हा भिंत गाठतं. त्याला थांबवायला पोटाशी, बाहेरच्या कडेपासून इंचभर आत, १० ते १२ मिलिमीटरची खाच ठेवतात. पाण्याला तिच्यात वर चढता येत नाही, थेंब होऊन ते सुटतं. बाजूंनी मागे वळवलेली खाच भिंतीला टेकवायची नाही, दोनेक इंच अलीकडे थांबवायची. टेकवली तर तीच पाण्याला भिंतीपर्यंत पोचवणारी पन्हळ होते. वरच्या अंगाला बाहेर उतार, आणि छज्जा भिंतीला भेटतो त्या काटकोनात सिमेंटचा गोल वाटा, म्हणजे सांध्यात पाणी साचत नाही. एवढं सगळं केलं तरी दोन-तीनदा रंगकाम झालं की पुट्टी भरणारा हात ती खाच गुळगुळीत बुजवून टाकतो. त्याला ती गिलाव्यातली चूक वाटते. मालकाला ती दिसतच नाही. पुढल्या पावसात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ओल येते आणि सगळे गच्चीवर गळती शोधायला जातात.

ही खाच, ही कड, हा बाहेर आलेला ओठ आधुनिक वास्तुकलेच्या पहिल्या पिढीला खटकत होता, हे आज चमत्कारिक वाटतं. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए, जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेची मंडळी, आणि १९३२च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनानंतर ज्याला इंटरनॅशनल स्टाईल म्हणू लागले ते सगळे, यांचं भांडण कॉर्निसशी, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या बाहेर आलेल्या पट्टीशी होतं, नक्षीशी होतं, खोट्या खांबांशी होतं. भांडण रास्त होतं. पण कॉर्निस काढताना तिच्यामागे लपलेलं कामही निघून गेलं. दगडी कॉर्निस नुसती नक्षी नव्हती, भिंतीवरचं पाणी दूर फेकणारी ती कड होती. पॅरिसजवळ प्वासी इथे १९३१ साली पुरी झालेली ल कॉर्बुझिएंची व्हिला सवॉय म्हणजे या विचाराची शुद्ध प्रत: पांढरी गुळगुळीत पेटी, सपाट छत, आडवी सलग खिडकी, कडेला कुठे कसलाच ओठ नाही. ती गळत राहिली. मालकीणबाई वर्षानुवर्षं पत्रांतून तक्रार करत होत्या. आणि हे कुठे, तर जिथे वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटरच्या आसपास. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पडतो.

त्याच गुरूने १९३३मध्ये पॅरिसमध्येच निराधारांसाठी एक वसतिगृह बांधलं, सिते द रफ्यूज. दक्षिणेकडे न उघडणारी पुरी काचेची भिंत. मूळ कल्पनेत काचेचे दोन पदर आणि आत थंड हवा खेळवणारी यंत्रणा होती. पैशाअभावी एकच पदर राहिला आणि यंत्रणा गेली. उन्हाळ्यात माणसं आत उकडून निघाली. पुढे तिथे उघडणाऱ्या खिडक्या आल्या आणि काचेपुढे काँक्रीटची ऊन अडवणारी चौकट आली. मग हाच माणूस अहमदाबादला येतो तेव्हा १९५४च्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत पश्चिमेला खोल, तिरप्या पडद्या, म्हणजे पातळ उभ्या भिंती लावतो आणि नदीकडच्या पूर्व अंगाला सरळ काटकोनात. कारण पश्चिमेचं ऊन संध्याकाळी खाली उतरून समोरून येतं, त्याला आडवा छज्जा अडवू शकत नाही, तिथे उभी पडदीच लागते. गुरू स्वतः शिकले. त्यांचे नक्कलकार १९३१च्या पेटीपाशीच थांबले.

मुंबईने मात्र तेव्हाच वेगळी वाट धरली होती.

बॅकबेच्या भराव जमिनीवर, मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेने, १९३०च्या दशकात घरं उभी राहू लागली तेव्हा आर्ट डेको ही नवी टूम होती. जहाजाच्या डेकसारखे कठडे, गोल फिरवलेले कोपरे, सूर्यकिरणांच्या जाळ्या, वेगाच्या आडव्या रेघा. कडक आधुनिकतावाद्यांना ती उथळ वाटे. पण त्या आडव्या रेघा जरा जवळून बघाव्यात. त्या रेघा नाहीतच, छज्जे आहेत. प्रत्येक मजल्यावर खिडक्यांवरून निघून कोपऱ्याला वळसा घालून पुढच्या भिंतीवर जाणारा सलग छज्जा. इंग्रजीत त्याला भुवई म्हणतात, आणि भुवईचं कामही तेच, घाम डोळ्यात उतरू न देणं. गजानन म्हात्र्यांसारख्या वास्तुविशारदांनी परदेशातून आलेली फॅशन घेतली आणि नेमका तिचा वेगाच्या रेघेचा भाग पावसाच्या कामाला लावला. काँक्रीटमुळे ते जमलं. तीन-चार इंच जाडीचा तुकडा खालून टेका न देता दोन फूट बाहेर काढणं दगडात किंवा विटेत परवडणारं नव्हतं. सिमेंट तेव्हा नवं होतं, कंपन्या त्याचा जोरात प्रचार करत होत्या, १९३६मध्ये त्यातल्या बऱ्याच एकत्र येऊन एसीसी झाली. २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत हा सगळा परिसर गेला तेव्हा कौतुक झालं ते सौंदर्याचं. त्या सौंदर्यातली बरीचशी रेखीवता पाणी तोडण्यासाठी आहे, हे कुणी फारसं बोललं नाही.

पण जुनं ते सोनं म्हणून सुटका करून घ्यावी असंही नाही. समुद्रासमोरच्या त्या छज्ज्यांखालून चालताना वर बघावं. पोपडे सुटलेले, तांबूस डाग उतरलेले, सळया उघड्या पडलेल्या. छज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. ओझ्याने तो खाली वाकतो तेव्हा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून त्याची मुख्य सळई वरच्या थरात हवी. ८ मिलिमीटरच्या सळया १५० मिलिमीटर अंतराने, मागे लिंटेलमध्ये, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईत, नीट गुंतवलेल्या, मुळाशी जाडी १०० मिलिमीटर नि टोकाशी ७५, असा सर्वसाधारण घरगुती छज्जा असतो. चूक होते ती काँक्रीट ओतताना. घमेलं घेऊन जाणाऱ्याचा पाय जाळीवर पडतो आणि जाळी तळाला बसते. मुळाशी तळापासून ७५ मिलिमीटरवर असायला हवी ती सळई २५वर आली की छज्ज्याची ताकद एक तृतीयांश उरते. वरून काहीच कळत नाही. जाळीखाली सळईच्या खुर्च्या ठेवायला दहा मिनिटं लागतात. तीही वाचवली जातात. दुसरी चूक टेका काढण्याची. लिंटेलवर भिंत चढून तिचं वजन मागे बसल्याशिवाय छज्ज्याखालचा टेका हलवायचा नसतो, निदान चौदा दिवस तरी. नाहीतर पुढच्या वजनाने लिंटेलच पिळवटतो आणि मुळाशी केसासारखी चीर पडते. त्याच चिरेतून पाणी थेट मुख्य सळईवर उतरतं.

वर समुद्राची खारी हवा. जुन्या कामात सळईवर काँक्रीटचं आवरण अर्धा-पाऊण इंच असायचं. आता समुद्रकाठच्या उघड्या कामाला मानक ४५ ते ५० मिलिमीटर मागतं, आणि तेवढं दिलं तर नाजूक भुवई जाडजूड फळी होते. डेकोच्या छज्ज्याचा डौल आणि त्याचं आयुष्य यांचा असा उभा दावा आहे. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट-तिपटीहूनही जास्त जागा मागतो, आतून काँक्रीट फोडतो. दुरुस्ती करायची तर सैल भाग छिन्नीने सळईच्या मागेपर्यंत काढायचा, गंज घासून लोखंड उजळायचं, जिथे सळई बारीक झाली तिथे नवी जोडायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरचे पातळ थर चढवायचे. हे किचकट नि महाग. त्यामुळे एकतर नुसता गिलावा मारून रंग देतात, जो दोन पावसाळे टिकतो, नाहीतर सरळ कटर लावून छज्जाच उडवतात. इमारत एका आठवड्यात टकली होते. आणि मग तिच्या खिडक्यांवर पत्रे येतात.

उरलासुरला छज्जा एसीने मारला. माणसाने वर जायचं नाही असं धरून छप्पर किंवा छज्जा आखताना चौरस मीटरला साधारण ७५ किलो वजन गृहीत धरतात. दोन फुटी छज्ज्याला हे मीटरमागे ४५ किलो होतं. त्यावर एसीचं ३५-४० किलोचं बाहेरचं यंत्र, आणि सर्व्हिसिंगला आलेला सत्तर किलोचा मुलगा, तोही अगदी कडेला पाय ठेवून. छज्जा तुटून मेकॅनिक पडल्याची बातमी अधूनमधून येते.

याहून खोल उत्तर शहरात एकाच ठिकाणी फार स्पष्ट दिसतं, कंबाला हिलच्या कांचनजंगामध्ये. चार्ल्स कोरियांची ही इमारत १९७० ते १९८३ अशी रखडत झाली. ८४ मीटर उंच, २१ मीटरचा चौरस, घरं फक्त ३२. मुंबईत वारा हवा तर खिडक्या पश्चिमेला हव्यात, समुद्रही तिकडेच. पण ऊन आणि झडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी हे कोडं भोवतीच्या व्हरांड्याने सोडवलं होतं. कोरियांनी तो व्हरांडा उचलून इमारतीच्या कोपऱ्यांत, दोन मजली उंचीच्या खोल गच्च्यांच्या रूपात बसवला. ६.३ मीटर बाहेर झेपावलेल्या त्या गच्च्या आणि त्यांच्या मागे आत सरकलेली खोली. म्हणजे छज्जाच, पण इतका खोल की त्याखाली माणसाला बसता येतं. पडवीच म्हणा ना, फक्त अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत चढलेली. ते कोपरे खालून बघताना आनंदही होतो आणि जरा चिडचिडही. कारण ही अक्कल ३२ घरांपुरती राहिली. ज्यांना वाऱ्यासाठी एसीचा पर्याय नाही अशांच्या इमारतींना ती खरी हवी होती.

तिथवर ती का पोचली नाही याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधू नये, एफएसआयच्या, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येईल ते ठरवणाऱ्या आकड्याच्या तक्त्यात शोधावं. बाल्कनी ठरावीक प्रमाणात मोजणीतून सूट होती तोवर बाल्कन्या निघाल्या आणि ताबा मिळताच काचा लावून खोल्यांत गेल्या. मग फ्लॉवर बेड मोजत नव्हते, म्हणून एकही फूल न उगवता प्रत्येक खिडकीखाली फ्लॉवर बेड आले, नि पुढे खोल्यांत विरघळले. जानेवारी २०१२मध्ये मुंबईचे नियम बदलले; बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे सगळं मोजायचं ठरलं आणि भरपाई म्हणून निवासी इमारतींना प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा एफएसआय मिळाला. चोरवाटा बुजल्या हे चांगलंच झालं. पण आता बाहेर काढलेल्या बाल्कनीचा प्रत्येक चौरस फूट खोलीतून वजा व्हायला लागला आणि इमारतींचे चेहरे सपाट झाले. छज्ज्याला नियमाने कधी मनाई केली नाही, ठरावीक रुंदीपर्यंत तो मोकळाच आहे. त्याला मारलं ॲल्युमिनियमच्या साच्यांनी. मायव्हान पद्धतीत भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, आठवड्याला एक मजला चढतो. बाहेर आलेली प्रत्येक कड म्हणजे साच्याचे जास्तीचे तुकडे, जास्तीचा वेळ, लटकून काम करणारी जास्तीची माणसं. सपाट भिंत सगळ्यांत स्वस्त. शिवाय साच्याच्या दोन बाजू धरून ठेवणाऱ्या पट्ट्या काढल्यावर भिंतीत आरपार फटी राहतात. त्या बाहेरून खोलवर, न आकसणाऱ्या मॉर्टरने भरायच्या असतात. पुट्टीने तोंड बुजवलं की झालं, असं समजणारे पुष्कळ.

आणि मग खिडकी. आपल्याकडची ॲल्युमिनियमची सरकती खिडकी चाळीतल्या दुसऱ्या मजल्यासाठी उत्तम होती. तिच्या खालच्या रुळात पाणी येणारच, ते बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा भिंतीवर साधारण ३०० पास्कल दाब देतो. ३०० पास्कल म्हणजे ३० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. रुळाची आतली कड २०-२५ मिलिमीटरची असेल तर वारा ते पाणी कडेवरून आत ढकलतो, भोकांतून बाहेर जाणं तर सोडाच, भोकांतूनच उलटं पाणी उसळतं. ‘वळचणीचं पाणी आढ्याला’, म्हणजे छपराच्या माथ्याला, ही म्हण अशक्य गोष्टीसाठी आहे. चौदाव्या मजल्यावर, जुलैतल्या रात्री, ते दर वर्षी जातं. त्यात ती भोकं सिमेंटच्या चिखलाने बुजलेली असली, किंवा खिडकीखालच्या ग्रॅनाइटचा उतार मिस्त्रीने चुकून आत दिला असला, की बादली लावून बसायचं.

खऱ्या काचेच्या कर्टन वॉलमध्ये, म्हणजे सांगाड्यावर बाहेरून टांगलेल्या भिंतीत, याची सोय असते. न्यूयॉर्कच्या सीग्राम बिल्डिंगने १९५८मध्ये कार्यालयांसाठी जो काचेचा वेश रूढ केला, त्याच्या आजच्या चांगल्या अवतारात सांध्यांमागे पोकळी ठेवून तिथला दाब बाहेरच्या दाबाइतका राहील असं बघतात. आत-बाहेर फरकच उरला नाही तर पाण्याला ढकलणार कोण? आत आलेले चार थेंब पोकळीतून खाली निथळून जातात. रबराच्या पट्ट्या ठरावीक वर्षांनी बदलाव्या लागतात. हे सगळं महाग असतं, म्हणून निवासी टॉवरला मिळतो फक्त तसा देखावा: सपाट भिंत, निळसर काच आणि मधे तीच जुनी सरकती खिडकी, कडेने सिलिकॉन.

गच्च्यांकडे पाहिलं तर हा इतिहास एका नजरेत कळतो. सपाट छत हे आधुनिकतेचं निशाण होतं. आज उपनगरांतल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांच्या सपाट गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून निळ्या-लाल पत्र्याचं उतरतं छप्पर टाकलेलं आहे. कोकणातलं घर पाच मजले वर चढून बसल्यासारखं. त्याला परवानगी तात्पुरती असते, पावसाळ्यापुरती. पत्रे मात्र वर्षभर तिथेच.

त्या टॉवरमधली नोटीस जुलैत ओली होऊन एका कोपऱ्यातून सुटली. फलकामागच्या भिंतीलाही ओल होती. दंड कुणाला झाला नाही. चौदाव्या मजल्यावर एका दुपारी आणखी एक पत्रा बसत होता. फॅब्रिकेटर कमरेला दोर बांधून खिडकीबाहेर, त्याचा पोऱ्या आतून ड्रिल देत होता. ब्रॅकेट बसले, बाहेर उतार दिला, भिंतीच्या सांध्यात सिलिकॉन भरलं. मग पत्रा स्क्रूने पक्का करण्याआधी त्याने तो परत आत घेतला, मांडीवर आडवा धरला आणि पक्कडीने त्याची पुढची कड इंचभर खाली वळवली, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोऱ्याने विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, नाहीतर पाणी मागे फिरतं.